सतरा सेकंदांची हाक

मी बोलतोय, पण घाईत बोलतोय. जिंतूरच्या बसस्टँडमागे एका दुकानात काचेच्या काउंटरवर मी पालथा पडलोय. पाठीचं झाकण उघडं आहे. माझे चार बारीक स्क्रू एका बशीत ठेवलेत. दुकानदार सिताराम समोरच्या टपरीवर चहाला गेलाय. तो आला की माझं मेमरी कार्ड काढणार आहे. कार्ड निघालं की माझ्या पोटात काहीच उरत नाही. गाणी नाहीत, माणसं नाहीत, ही कहाणीसुद्धा नाही. म्हणून त्याने कप खाली ठेवायच्या आत सगळं सांगून टाकतो.

तसा धीर मला कधीच नव्हता. ज्याचं गाणं बटण न दाबता पुढे सरकतं, त्याला कसला धीर?

मी गाणी वाजवणारा प्लेअर. खोक्यावर माझं नाव 'डिजिटल म्युझिक प्लेअर' असं ऐटीत छापलेलं होतं. अंगाने धुण्याच्या साबणाच्या वडीएवढा. पुढे आवाजाची जाळी, वर पाच बटणं आणि लाल आकड्यांची एक इवलीशी खिडकी. गाण्याचं नाव मला दाखवता येत नाही, फक्त नंबर दाखवता येतो.

सितारामने मघाशी मला तळहातावर घेऊन उलटंपालटं केलं आणि म्हणाला, "आवाज दणकेबाज हाय. पडून पडून बी फुटला न्हाई. पण बटण गेलंय आन् बॅटरी फुगलीय." झाला माझा निकाल! दीड वर्षाच्या आयुष्याचा निकाल एवढ्यात लागतो होय? माझे गुण काय आणि खोट काय, ते मीच सांगतो. खोट जरा जास्तच सांगेन.

जन्माचं मला काही आठवत नाही. कार्ड आत जाईपर्यंत आमच्या जातीला आठवण नसतेच. माझी आठवण सुरू होते ती एका भाऊबिजेपासून. बबिता माहेरी बोरीला आली होती. ओवाळून झाल्यावर तिचा भाऊ नागनाथ याने माझ्यात कार्ड घातलं आणि मला ताटात ठेवलं.

"तुमच्याकडं पाण्याच्या काठाला मोबाईलला रेंज न्हाई म्हणतीस न्हवं, ताई? ह्याला रेंज लागतच न्हाई. बटण दाब आन् ऐक."

हा माझा पहिला गुण. मला कुणाची वाट पाहावी लागत नाही. जे आहे ते पोटात आहे.

बबिताचं सासर येलदरी धरणाच्या पाण्याकाठचं. घरात सासरे येडबा, सासू कासाबाई, नवरा भागवत आणि सत्तरएक मेंढरं. पेरणीच्या दिवसांत मेंढरं माळाला. सुगी झाली की शेतकरी खतासाठी त्यांना आपल्या रानात बसवून घ्यायचे. आणि उन्हाळ्यात धरणाचं पाणी मागे सरलं की उघड्या पडलेल्या गाळावरच्या हिरवळीला सगळा संसार जायचा. पाल, चूल, जाळीचं कुंपण आणि मी. मला एका खुंटीला अडकवलेलं असायचं.

घरात माझ्यावरून रोज धुसफूस. कासाबाईला सकाळी अभंग हवेत, भागवतला वरातीतली गाणी. बबिताला काय हवं ते कुणी विचारलं नाही, आणि तिनेही सांगितलं नाही. त्या घरात सून सासऱ्यासमोर आवाज चढवत नाही. डोक्यावर पदर, खाली मान, आणि बोलायचं ते सासूच्या कानाजवळ. ती हसली तरी पदराच्या आत हसायची. दहावी झालेली ही मुलगी दिवसभरात जेवढे शब्द बोलायची, तेवढे मी एका कडव्यात बोलून टाकायचो.

मी आलो त्याच आठवड्यातली गोष्ट. दिवस कलला होता. बबिता कासाबाईला माझं लाल बटण दाखवत होती.

"आत्या, ह्यात आवाज बी भरता येतो. बोला की कायतरी."

"मी काय बोलू बाई डबड्याशी?" कासाबाई तोंडाला पदर लावून हसायला लागली.

तेवढ्यात घरामागून येडबाने मेंढरांना हाक दिली. घराकडे परतायची, संध्याकाळची हाक. "हुर्रर्र... हाऽऽव ये! ये गं माझे, हाऽऽव!" मध्येच त्याला ठसका लागला, एकदाच. पुन्हा "हाऽऽव ये!" शेवटी कासाबाईचं हसू आणि "अगं, बंद कर की ते!" लाल बटण दाबलेलंच होतं. सगळं माझ्यात उतरलं. सतरा सेकंद.

त्या ठसक्याकडे तेव्हा कुणी लक्ष दिलं नाही.

पुढच्या दसऱ्यापर्यंत येडबाचा आवाज बसत बसत गेला. शहरातल्या दवाखान्यात ऑपरेशन झालं. जीव वाचला, पण गळ्यातून आवाजाची जागाच काढून टाकावी लागली. गळ्याला भोक, त्यावर पांढरं फडकं, आणि बोलायला दोन हात. तो दीड महिन्याने घरी परतला तेव्हा मेंढरांची दैना झाली होती. भागवत हाका मारून मारून थकायचा. मेंढरं मान वर करून बघायची आणि पुन्हा चरायला लागायची.

"आबाची सवय हाय त्यास्नी," भागवत म्हणायचा. "माझ्या आवाजाला कुत्रं बी विचारंना."

येडबा काठी टेकत कुंपणापाशी आला. सवयीने तोंड उघडलं. नुसता वारा आला. कळपात पुढे चालणारी कबरी नावाची ठिपक्यांची मेंढी होती. तिने त्याच्याकडे पाहिलं आणि दुसरीकडे चालू लागली. येडबाने तोंड मिटलं.

तेव्हा बबिताला मी आठवलो. खुंटीवरून काढून तिने मला सासूच्या हातात दिलं, नंबर सांगितला. कासाबाईने बटण दाबलं. "हुर्रर्र... हाऽऽव ये!"

सत्तर माना एकदम वर झाल्या. धूळ उडवत सगळा कळप धावत आला आणि माझ्याभोवती गोळा झाला. भागवत नाचायचाच बाकी राहिला. कासाबाईने मला हळदकुंकू लावलं. ती हळद माझ्या जाळीच्या भोकांत अजून आहे. सिताराम मघाशी सुईने उकरत होता आणि पुटपुटत होता, "ह्याच्यात कुणी भाजी केली का काय?"

त्या दिवशी मी फुगून गेलो होतो. बॅटरी फुगायच्या कितीतरी आधी. मला वाटलं, या घरात माझ्याइतकं कामाचं कुणी नाही. पण कबरी माझ्याजवळ आली, मला हुंगलं, इकडेतिकडे पाहिलं आणि वळून येडबाच्या पायाशी जाऊन उभी राहिली. आणि येडबाने काय केलं? मी वाजत होतो तेवढा वेळ तो माझ्याकडे पाठ करून उभा होता.

आता खोट सांगतो.

मला एकच हाक येत होती. येडबाला चार-पाच यायच्या. पाण्यावर न्यायची वेगळी, लांडगा हेरला की वेगळी, कोवळ्या कोकराला आईकडे पाठवायची तर अगदी हलकी. मी सकाळी वाजवा, दुपारी वाजवा, संध्याकाळचीच हाक देणार. भर दुपारी मेंढरं गोंधळून कुंपणाकडे पळायची. मी दमत नाही हा माझा गुण. पण न दमणाऱ्याला वेळकाळ कळत नाही, ही त्याच गुणाची दुसरी बाजू.

दुसरी खोट गाणं पुढे सरकवणाऱ्या बटणाची. भागवतने मला गळ्यात बांधून, आपटून, घामात भिजवून ते ढिलं केलं. एक गाणं धड संपेना. मी या गाण्यावरून त्या गाण्यावर उड्या मारायला लागलो. त्यातच भागवतने बाजारात कार्डात नवी गाणी भरून आणली. भरून देणाऱ्याने आधीचं आणि नवीन सगळं एकाच जागी ओतलं. येडबाची हाक पूर्वी वेगळी, बाजूला असायची. आता ती वरातीच्या गाण्यांमध्ये येऊन बसली. हे कुणाच्या लक्षात आलं नाही. मला कळलं होतं, पण मला सांगता कुठे येतं?

होळी होऊन गेली होती. भागवत बांधावरच्या लिंबाखाली मला लावून बसला होता. मेंढरं पलीकडच्या पडीक रानात. मध्ये एक ज्वारीचं रान होतं. ज्वारी काढून झालेली, आणि धसकटांना पुन्हा कोवळे हिरवे फुटवे आलेले. उन्हाळ्यात पाणी न मिळालेला तो कोवळा फुटवा म्हणजे जनावराला विष. त्याला किराळ लागणं म्हणतात, आणि मेंढरं राखणाऱ्याच्या घरातल्या पोराला हे चालायच्या आधी कळतं. म्हणूनच येडबा त्या रानाच्या कडेला काठी घेऊन उभा होता.

गाणं चाललं होतं. ढिल्या बटणाने ते पुढे सरकलं. पुन्हा सरकलं. आणि मी गरजलो, "हुर्रर्र... हाऽऽव ये!"

कळप निघाला तो सरळ त्या ज्वारीतून. येडबा काठी फिरवत आडवा आला. हात हलवत होता, छाती पिटत होता. इकडे त्याचाच आवाज त्यांना 'या' म्हणत होता, आणि तिकडे तो स्वतः त्यांना मागे लोटत होता. मेंढरांनी आवाजाचं ऐकलं. निम्मी वाटेतच थांबून फुटवे खुडायला लागली. भागवत मला बंद करायला धडपडत होता, आणि नेमकं बंद करायचं बटण रुतून बसलं होतं.

गुळाचं पाणी पाजलं, डॉक्टरही आले. बाकीची वाचली. दोन गेली. त्यातली एक गाभण होती.

त्यानंतर पालात दोन दिवस कुणी मला लावलं नाही. तिसऱ्या दिवशी भाकरी खाता खाता भागवत म्हणाला, "विकून टाकू आबा. आज दोन गेली, उद्या वीस जातील. आवाजाबिगर कळप राहत न्हाई. आमी दोघं पुण्याला कंपनीत जातो, तुमी दोघं गावात ऱ्हावा."

येडबाने ताटातली भाकरी मोडली, पण खाल्ली नाही. मग त्याने मान हलवली. होकाराची. पुढच्या बाजाराच्या आदल्या दिवशी व्यापारी टेम्पो घेऊन येणार असं ठरलं. मधे आठ दिवस.

बबिता तेव्हा चुलीपाशी होती. तिने भाकरी उलटली नाही, ती करपली. करपलेली भाकरी तिने स्वतःच्या ताटात घेतली. आई मेलेल्या तीन कोकरांना तिने बाटलीने दूध पाजून वाढवलं होतं. पण नुसतं तेवढंच नव्हतं. मेंढरं गेली की हा माणूस भिंतीला टेकून बसेल आणि पुन्हा उठणार नाही, हे तिला दिसत होतं. तिने हे कुणाला सांगितलं नाही. मला मात्र तिच्या हातावरून कळलं, कारण दुसऱ्या दिवशी धुण्याच्या बोचक्यात कपड्यांच्या घडीत तिने मला लपवून नेलं.

धुण्याची जागा खाली, गाळाच्या खोल घळीत. वरून कुणाला दिसायची नाही. दगडावर मला ठेवून तिने आजूबाजूला पाहिलं, पदर कमरेला खोचला आणि बटण दाबलं.

"हुर्रर्र..." मी म्हणालो.

"हुर्र," ती म्हणाली. मांजराने फिस्कारावं तेवढंच. आणि स्वतःच लाजली.

आठ दिवस हे चाललं. माझं बटण मध्येच सरकायचं, हाकेच्या जागी वरात सुरू व्हायची आणि ती माझ्या डोक्यात टपली मारायची. "गप रे! लगीन लावायला आलास का हितं?" मी परत मागे जायचो. पुन्हा हाक. पुन्हा तिची हाक. तिचा आवाज फुटायचा, घसा बसायचा. कासाबाई विचारायची, "घसा का बसलाय गं?" ती म्हणायची, "पाण्यात उभं ऱ्हाऊन, आत्या."

मी किती वेळा तेच तेच म्हणालो असेन! एरवी ज्याला एका गाण्यावर ठरता येत नव्हतं, तो मी त्या घळीत एकाच जागी थांबायला धडपडत होतो. थांबणं मला जमत नव्हतं, पण मी परत येत होतो. हा गुण कुठल्या खोक्यावर छापत नाहीत.

व्यापारी आला तो दिवस उजाडला. सटवाजी त्याचं नाव, तोंडाने भारी मिस्कील. टेम्पो पालाजवळ लावून तो म्हणाला, "काढा बाहेर मंडळी. बघू तरी तोंडं."

मंडळी दूर पाण्याच्या कडेला चरत होती. भागवतने मला घेतलं आणि बटण दाबलं. माझी बॅटरी फुगून पाठीवर आली होती. मी जोर लावला. निघालं काय? वरातीचं गाणं. तेही चार ओळींत मेलं.

सटवाजी पोट धरून हसला. "अरे भागवता, मेंढरं बँडबाजावर येत्यात का तुझी? मग मला फेटा बांधून यायला सांगायचं होतंस!"

भागवत पळत निघाला, हाका मारत. त्याला पाहून मेंढरं आणखी पांगली. येडबा काठीवर दोन्ही हात ठेवून बघत होता. त्याचं तोंड पुन्हा उघडलं होतं, त्या पहिल्या दिवसासारखं.

बबिता चुलीपासून उठली. पिठाचे हात तसेच. सासूजवळ जाऊन म्हणाली, "आत्या, मी हाक मारू का?"

"तू?" कासाबाईने तिच्याकडे असं पाहिलं, जसं मी तिच्याशी पहिल्यांदा बोललो तेव्हा माझ्याकडे पाहिलं होतं. "आन् मामाच्या, सासऱ्याच्या देखत? परक्या माणसापुढं?"

बबिता मागे सरली नाही. येडबाने हे ऐकलं होतं. त्याने सुनेकडे पाहिलं. मग तो सावकाश वळला आणि तिच्याकडे पाठ करून उभा राहिला.

मी घाबरलो. मी वाजायचो तेव्हाही तो असाच पाठ करायचा. पण कासाबाई त्याच्याबरोबर चाळीस वर्षं राहिलेली. ती सुनेच्या पाठीवर हात ठेवून म्हणाली, "मार पोरी. पाठ फिरवलीय त्यांनी, आता त्यांच्या देखत न्हाई."

आणि बबिताने पाण्याकडे तोंड करून हाक दिली.

"हुर्रर्र... हाऽऽव ये! ये गं माझे, हाऽऽव!"

आवाज बाईचा, पण चढउतार तोच. पाण्यावरून तो पार पलीकडे गेला. माना वर झाल्या. पण पाय हलेनात. कबरी कान टवकारून उभी होती, काहीतरी राहिलंय अशी.

मग बबिताने ठसका दिला.

तो हाकेचाच भाग आहे असं तिला वाटलं होतं! तो ठसका दुखण्याचा होता, हे तिला मी सांगायला हवं होतं. माझ्याकडून ती जसंच्या तसं शिकली होती. नववा सेकंद, एक छोटा कोरडा ठसका, आणि लगेच "हाऽऽव ये!"

कबरी निघाली. तिच्यामागे सगळा कळप. गाळ तुडवत आला आणि बबिताच्या पिठाच्या हातांना नाकं लावू लागला.

येडबाची पाठ हलत होती. मला वाटलं तो रडतोय. तो वळला तेव्हा दिसलं, तो हसत होता. आवाज नाही, नुसतं हसू, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. त्याने बोट स्वतःच्या गळ्याकडे नेलं, ठसका दिल्यासारखी मान झटकली, आणि सुनेकडे हात करून पुन्हा हसायला लागला. मग काय झालं ते बबिताला कळलं, आणि पहिल्यांदाच ती सासऱ्यासमोर पदराबाहेर हसली.

धापा टाकत आलेल्या भागवतला सटवाजीने विचारलं, "मग, चढवायची का?"

भागवत काही बोलायच्या आत येडबा टेम्पोपाशी गेला. मागचा फाळका त्याने स्वतःच्या हाताने वर उचलला आणि कडी घातली.

"बरं बाबा," सटवाजी म्हणाला, "चहा तरी पाजा. रिकामा टेम्पो लय खडखड करतो."

हे झालं गेल्या पंधरवड्यात. आज सकाळी बबिता आणि येडबा एस.टी.ने मला इथे घेऊन आले. सितारामने तारा जोडून मला वाजवून बघितलं. नेमकी तीच हाक लागली. दुकानातली, रस्त्यावरची माणसं वळून बघायला लागली.

"कुणाचा हो हा आवाज?" सितारामने विचारलं.

येडबाने गळ्यावरच्या फडक्याला हात लावला आणि 'नाही' असा हलवला. मग तोच हात बबिताकडे केला.

"सूनबाईचा? गड्याचा वाटायलाय की!"

"त्यांचा होता," बबिता म्हणाली. तिचा आवाज आता पूर्वीपेक्षा मोकळा आहे. "दादा, बटण बदला, बॅटरी बदला. आत्याला अभंग ऐकायचेत. पण हे कार्ड काढून द्या, दुसरं घाला. एका कळपाला दोन हाका असू नयेत, असं मामांचं म्हणणं हाय."

"मग ही पुसून टाकू?"

"पुसू नका!" ती एवढ्या जोरात म्हणाली की येडबानेही तिच्याकडे पाहिलं. "कागदात बांधून द्या. आत्याच्या पेटीत ठेवीन. त्यात आत्या हसल्यात."

तर असा मी. आवाज दणकेबाज, अंग मजबूत, डोकं उड्या मारणारं. बोलावता येतं, पण का बोलावलं ते कळत नाही. थांबवता येत नाही तेव्हा माझ्यासारखा घातकी दुसरा नाही. आणि जे एकदा घेतलं ते ठसक्यासकट सांभाळतो. आता तुम्हीच ठरवा.

सितारामने पैसे दिले, तो टपरीवाल्याशी काहीतरी बोलला. चपला वाजतायत. आला तो.

एकच मागणं आहे. उद्यापासून मी पुन्हा खुंटीवर असेन. नवं बटण, नवं कार्ड, सकाळचे अभंग. दिवस कलेल, बबिता पालामागे उभी राहून हाक देईल, मध्ये एकदा ठसका देईल. तेव्हा मी मध्येच अडखळलो, वाजता वाजता गप्प झालो, तर मला आपटू नका. नुसतं सांगा, की ही हाक कधीकाळी माझ्याजवळ होती. मला आठवणार नाही. तरी सांगा.

त्याचं नख कार्डाच्या कडेला लागलंय. हाऽऽव—